हयातीचा दाखला

आयटीआयच्या चौकात रिक्षा थांबली आणि समोरच्या फ्लेक्सवर पंचशीलाला नरसिंग रेणापूरकर दिसले. तिला वाटलं, ते गेले. नांदेडात माणूस फ्लेक्सवर चढतो तो दोनच कारणांनी, वाढदिवस नाहीतर मरण, आणि दोन्हीला फोटो तोच लावतात, मागचे ढगही तेच. रेणापूरकर पडले गाणारे. त्यांचा वाढदिवस चौकात लावून कुणाला कसलं तिकीट मिळणार होतं? म्हणजे गेलेच. एप्रिलचा शेवट होता, दुपारचे अडीच, रिक्षाच्या लोखंडी दांडीला हात लावला तर चटका बसत होता. रिक्षावाला पुढे वाकून कुणाशी तरी भांडत होता, आणि तेवढ्या वेळात पंचशीला मनाने घरी पोचून, चपला काढून, दादांच्या खाटेपाशी उभीसुद्धा राहिली होती. दादा, रेणापूरकर गेले, एवढंच वाक्य बोलायचं होतं, पण ते तिला मनातसुद्धा पूर्ण करता येईना. कारण रेणापूरकर गेले तर एक गोष्ट कायमची तशीच राहणार होती, आणि ती तशी राहण्याला पंचशीला जबाबदार होती. मग रिक्षा जराशी पुढे सरकली आणि फोटोखालची अक्षरं दिसली. निरोपाचा जाहीर कार्यक्रम, लातूर, रविवारी दुपारी चार वाजता, सर्वांना मुक्त प्रवेश, संपर्कासाठी अमुक नंबर. तिला एवढा आनंद झाला की उतरताना ती सुटे पैसे परत घ्यायला विसरली, आणि घराच्या पायऱ्या चढता चढता त्याच आनंदाची तिला भीती वाटायला लागली.

दादा म्हणजे तिचे वडील, सटवाजी सोनकांबळे. वय त्र्याऐंशी, बांधकाम खात्याचे निवृत्त मैलमजूर. मैलमजूर म्हणजे रस्त्याचा एक ठरावीक तुकडा ज्याच्या नावावर असतो तो माणूस. त्या तुकड्यावरचे खड्डे त्याने बुजवायचे, झाडांना पाणी त्याने घालायचं, मेलेलं कुत्रं त्याने उचलायचं. दादांचा तुकडा अहमदपूरहून लातूरकडे जाताना शिरूरच्या पुढे होता. या कामाखेरीज त्यांना आयुष्यात एकच नाद होता, रेणापूरकरांचं गाणं. रेणापूरकर जयंतीच्या मांडवांतून पेटीवर भीमगीतं गायचे, मागे बेंजो, ढोलकी आणि दोन कोरसवाले. कार्यक्रम पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत असला की दादा सायकल काढत, आणि हवा कशी आहे हे विचारायची घरात पद्धत नव्हती. पंचशीला नऊ वर्षांची असताना एकदा वादळात ती मागच्या कॅरियरवर बसली होती. खात्याने दिलेल्या मेणकापडाच्या एकाच खोळीत दोघं, पुढचं काही दिसत नाही, नाकात ओल्या मेणकापडाचा आणि दादांच्या तंबाखूचा वास, आणि दादा पायडल मारत मोठ्याने सांगतायत की बाई, घाबरू नको, हा रस्ता माझ्या ओळखीचा हाय. त्या दिवशी मांडवात पाणी शिरलं. लोक पळाले आणि दादा उलटे स्टेजवर धावले. अंगातली खोळ काढून त्यांनी पेटीवर टाकली आणि दोन्ही हातांनी दाबून धरून भिजत उभे राहिले. रेणापूरकरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, नाव काय तुमचं? एवढंच झालं. पण घरी येताना दादा तो खांदा जरा वर उचलूनच सायकल चालवत होते, असं तिला अजून आठवतं, आणि हे आठवणं खरं की तिने मागाहून रचलेलं, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आणि मग एक्क्याण्णव साल. अहमदपूरचा कार्यक्रम. फर्माइशीची रीत अशी की चिठ्ठीवर नाव आणि गाणं लिहायचं, दहाची नोट लावायची आणि स्टेजवर नेऊन द्यायची. मग गायक माइकवर तुमचं नाव घेतो आणि गाणं तुमचं होतं. दादांची फर्माईश ठरलेली असे, खडी फोडणाऱ्या बाईचं गाणं, जी रस्त्याकडेला बसून खडी फोडते आणि दर घावाला लेकीचा एकेक धडा पाठ करते. त्या वर्षी आजी वारली होती, म्हणून दादांनी दुसरी चिठ्ठीही सांगितली, कालकथित गयाबाई यांच्या स्मरणार्थ म्हणून. इतर लोक मेलेल्या माणसाच्या नावाआधी कैलासवासी लिहितात, बौद्धांच्या घरात कालकथित लिहितात, आणि जिवंत माणसाच्या नावाआधी आयुष्मान. पंचशीला तेव्हा पंधरा वर्षांची, अक्षर चांगलं, दोन्ही चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या. पण बाप्यांच्या एवढ्या गर्दीतून दोनदा स्टेजपर्यंत जायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. म्हणून तिने दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवून एकाच टाचणीत खोवल्या आणि एकदाच गेली. रेणापूरकरांनी बल्बच्या उजेडात वरच्या चिठ्ठीचं नाव घेतलं, खालच्या चिठ्ठीचं बाकीचं घेतलं, आणि गहिवरल्या आवाजात माइकवर सांगितलं की कालकथित सटवाजी सोनकांबळे, मैलमजूर, यांच्या स्मरणार्थ. वर स्वतःच्या पदरची भर घातली की हा माणूस मला आठवतो, माझी पेटी यानं भिजू दिली नव्हती, आपण सर्वांनी एक मिनिट उभं राहावं. आणि मांडव उभा राहिला. पंचशीला स्टेजच्या कडेला, माइकपासून दोन हातांवर, मान खाली घालून उभी राहिली. तिसऱ्या रांगेत दादाही उभे राहिले. सगळे उभे राहिले म्हणून तेही राहिले, टोपी काढून, स्वतःच्याच आदरांजलीला.

पुढे यावर गाव किती हसलं ते सांगण्यात अर्थ नाही. लोकांना तेवढंच हवं असतं. काय कालकथित, चहा घेणार का? कालकथित, आज कामावर न्हाई? दादांनी त्यावर कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही, पण त्या दिवसानंतर ते एकाही कार्यक्रमाला गेले नाहीत. कॅसेटी एका पत्र्याच्या पेटीत गेल्या आणि ती पेटी धान्याच्या कणगीमागे गेली. आईनेही कधी विषय काढला नाही. पंचशीला शिकली, जिल्हा परिषदेत लागली, लग्न झालं, मुखेडला पाच वर्षं काढली, नांदेडला आली, मुलगा आदर्श पुण्याला नोकरीला गेला, आई गेली, दादा तिच्याकडे राहायला आले. या सगळ्यात ती एक मिनिटाची शांतता तिच्या पोटात जशीच्या तशी होती. चिठ्ठी चुकली हे तिने स्वतःला केव्हाच माफ केलं होतं, पंधरा वर्षांच्या पोरीकडून चुकतंच. पण माइक दोन हातांवर होता. माझे वडील जिवंत आहेत, ते बघा ते उभे आहेत, एवढंच म्हणायचं होतं, आणि ती बोलली नाही. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला ती दादांना बँकेत नेते. बाकीचे म्हातारे कुरकुर करतात. दादा मात्र पहाटे उठून दाढी करतात, काउंटरवर नाव पुकारलं की छाती काढून पुढे होतात आणि अंगठा जरा जास्तच दाबतात. तो अंगठा बघताना दरवर्षी तिला वाटायचं की आज सांगावं, आणि दरवर्षी ती त्यांना बाहेर आणून उसाचा रस पाजायची आणि घरी यायची.

त्या दुपारी चहा ठेवता ठेवता तिने पाठमोरीच सांगून टाकलं की रविवारी लातूरला रेणापूरकरांचा शेवटचा कार्यक्रम आहे. मागे फक्त खाट करकरली. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आली तर दादा केस कापून बसले होते आणि पांढरा नेहरू शर्ट इस्त्रीवाल्याकडून आणून खिळ्याला लावला होता. यष्टी किती वाजता हाय, त्यांनी विचारलं, जणू हे जाणं महिन्याभरापासून ठरलेलंच होतं. शनिवारी हवामान खात्याने गारपिटीचा इशारा दिला, आणि पुण्याहून आदर्शचा फोन आला की आई, तुला काही कळतं का, त्र्याऐंशीचा माणूस घेऊन कुठे निघालीस? अर्ध्या तासाचं ते भाषण तिने मुकाट ऐकलं. त्याचं काही खोटं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर तिने एक कोरा कागद घेतला, त्यावर एकच नाव लिहिलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला हे शोभत नाही असंही तिला एवढं करताना वाटत होतं.

रविवारी सकाळी निघताना आभाळ चक्क निळं होतं. लोहा येईपर्यंत दादांनी दोनदा हवामान खात्याची टिंगल केली. अहमदपूर सोडलं आणि समोरून एक काळपट पिवळा अंधार रस्त्यावर चालत आल्यासारखा आला. आधी वारा, मग धूळ, मग बसच्या टपावर कुणी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज. गारा खिडक्यांतून आत यायला लागल्या, बाया पोरांना पदराखाली घेऊन वाकल्या, कुणीतरी देवाचं नाव घेतलं, कंडक्टरने तिकिटाचं मशीन पोटाशी धरलं. त्या आवाजात पंचशीलाला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या, आपण म्हाताऱ्याला मारायला आणलंय, आणि आपण नऊ वर्षांच्या आहोत. तिने दादांचा हात घट्ट धरला. हात गार होता. शिरूरच्या पुढे बस थांबली. आडवं झाड पडलं होतं आणि त्याच्या पलीकडेही झाडंच दिसत होती. ड्रायव्हर म्हणाला, आता दोन-तीन तास तरी काही खरं नाही. गारा थांबल्या तसे दादा उठले आणि खाली उतरले. ती मागे धावली. दादा झाडाकडे बघतसुद्धा नव्हते. ते रस्त्याच्या डाव्या अंगाला, बाभळींच्या मागे काहीतरी शोधत होते. नवा रस्ता होण्याआधीचा जुना रस्ता तिथून ओढ्याकाठाने जात होता, पार चाकुरापर्यंत. गेली कित्येक वर्षं तिकडून बैलगाडीही गेली नसेल. मागे अडकलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर शिवप्पा टोमॅटोचे कॅरेट घेऊन लातूरला चालला होता आणि माल सडणार म्हणून कपाळाला हात लावून बसला होता. दादा त्याला म्हणाले, मी सांगतो तसा घे, खालची खडी मी दाबलेली हाय. शिवप्पाने पंचशीलाकडे बघितलं, म्हातारा शुद्धीवर आहे ना अशा नजरेने, आणि ती म्हणाली की त्यांना हा रस्ता ओळखीचा आहे. मग तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसले आणि टेम्पो बाभळींत घुसला.

चिखल होता, पण चाकाखाली खरोखरच खडी लागत होती. दादा हाताने खुणा करत होते, इथं मोरी हाय, हळू घे, इथं उजव्या अंगानं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की पंचशीलाला बघायचा संकोच वाटला. तिने फ्लेक्सवरून उतरवून घेतलेला नंबर लावला. पलीकडून दमलेल्या आवाजात उत्तर आलं, ताई, मांडव उडाला, खुर्च्या पार रस्त्यावर गेल्यात, कार्यक्रम रद्द हाय, रेणापूरकर काकांना विहारात बसवलंय, पाऊस उघडला की ते गावाकडं जानार. तिने फोन बंद केला. दादा समोर बघत होते. एवढ्यात काही सांगायची गरज नव्हती. चाकूर येऊ दे, चहा पाजू, मग बघू. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा मान खाली घालून उभ्या आहोत.

“दादा, कार्यक्रम रद्द झालाय,” ती म्हणाली. “मांडव उडाला म्हणतात.”

दादांनी शिवप्पाला पुढची खूण केली. “मांडव उडाला. मानूस तर न्हाई उडाला ना?”

“नाही. ते आहेत अजून. विहारात बसलेत.”

“मग चल की.”

शिवप्पा हसला. पंचशीलाला हसू आलं नाही. तोंड उघडलंच आहे तर आता मिटायचं नाही असं काहीसं तिला वाटलं, आणि परक्या माणसासमोर, टोमॅटोच्या आंबूस वासात, तिने तेहतीस वर्षांची गोष्ट सांगून टाकली. दोन्ही चिठ्ठ्या एकाच टाचणीत मीच खोवल्या होत्या. माइक माझ्यापाशी होता. मी बोलले नाही.

“म्हाईत हाय,” दादा म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळली. ते समोरच्या रस्त्याकडेच बघत होते.

“अक्षर तुजं, नेऊन दिलीस तू. मला काय दिसत नव्हतं? म्या हात वर करनारच व्हतो. पर तुझ्या भवती ते जयंतीचे समितीवाले उभे. म्या म्हनलो असतो की जित्ता हाय, तर पहिली त्यांनी तुला धरली असती. समद्या गावासमोर. मग म्हनलं, ऱ्हाऊ दे. एका मिनटाचं तर मरन हाय.”

“आणि नंतर? नंतर का नाही गेलात कधी?”

“मेलेला मानूस परत मांडवात गेला तर लोक गानं ऐकतील का मला बघतील? डाव्या अंगानं घे रे शिवप्पा, तिथं खचलंय.”

तिला रडू आलं, आणि रडता रडता तिला त्यांचा सपाटून राग आला. हे एक वाक्य यांनी मी बारावीत असताना सांगितलं असतं, लग्नात सांगितलं असतं, बँकेच्या त्या काउंटरपाशी सांगितलं असतं, तर काय बिघडलं असतं? एवढी वर्षं दोघंही एकमेकांना सांभाळत बसले, आणि दोघांच्या मध्ये ते गाणं उगाच मुकं होऊन पडलं. मग तिला वाटलं, आपण तरी कुठे सांगितलं? राग हळूहळू उतरला. बाहेर ओढा दुथडी वाहत होता, त्याच्या काठाने पांढऱ्या गारांचे ढीग साचले होते, आणि टेम्पो चाकुराच्या डांबरी रस्त्यावर चढला तेव्हा शिवप्पाने स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला. दादांनी त्याच्याकडून तंबाखूची चिमूट मागून घेतली. पंचशीलाने नाक पुसलं.

लातूरला पोचायला साडेपाच झाले. मैदानावर मांडवाचं निळं कापड चिखलात पसरलं होतं आणि दोन माणसं बांबू गोळा करत होती. विहार पलीकडच्या गल्लीत होता. तेवढं अंतर चालताना पुन्हा सर आली आणि दोघंही नखशिखांत भिजले, दादांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. आत वीज नव्हती. दारातून येईल तेवढ्याच उजेडात पंचवीसेक माणसं सतरंजीवर बसली होती, अडकून पडलेली, ओल्या कपड्यांत, आणि मधोमध नरसिंग रेणापूरकर बशीने चहा पीत होते. ते खूप लहान झाले होते. फ्लेक्सवरचा माणूस निम्मासुद्धा उरला नव्हता. पेटी त्यांच्याजवळ घोंगडीत गुंडाळून ठेवली होती. गाणं होणार का असं कुणी विचारत नव्हतं. दादा दाराजवळच्या भिंतीला टेकून बसले, आणि त्यांनी रेणापूरकरांकडे ज्या नजरेने बघितलं ती बघून पंचशीला खाली बसलीच नाही. ती तशीच माणसांमधून वाट काढत पुढे गेली, सगळ्यांचे गुडघे ओलांडत, आणि रेणापूरकरांच्या पुढ्यात चिठ्ठी धरली. काका, नांदेडहून आलोय, एक फर्माईश आहे.

रेणापूरकरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला. “मला दिसंना बाई. उजेड न्हाई अन् चष्मा भिजला. तूच वाच.”

तिने कागद दारातल्या उजेडाकडे धरला तर शाई पसरून नुसता निळा डाग झाला होता. वाचायला काही राहिलंच नव्हतं. ती लोकांकडे वळली. पंचवीस माणसं तिच्याकडे बघत होती, आणि तेव्हासारखी खाली जायला लागलेली मान तिने वर उचलली.

“आयुष्मान सटवाजी सोनकांबळे,” ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. “आयुष्मान सटवाजी सोनकांबळे, मैलमजूर, यांच्याकडून. एक्क्याण्णव साली अहमदपूरच्या मांडवात यांना आपण कालकथित म्हटलं आणि एक मिनिट उभे राहिलो. ती चिठ्ठी मी दिली होती, चूक माझी होती. हे माझे वडील आहेत. ते जिवंत आहेत. दारापाशी बसलेत, ते.”

सगळ्या माना दाराकडे वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कुणी, मग पेटीजवळचा ढोलकीवाला, आणि ते हसणं गावच्या त्या हसण्यासारखं नव्हतं, कारण दादाही हसत होते. रेणापूरकर मात्र हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली. त्यांना ते काहीच आठवत नव्हतं. त्यांनी आयुष्यात हजारो चिठ्ठ्या वाचल्या असतील, त्यांतली ही एक. पण ते दादांकडे नीट वळून बसले.

“मेल्या मानसायच्या नावानं म्या लई गायलो,” ते म्हणाले. “समित्या तेच सांगतात. जित्त्याचं नाव घ्यायचं ऱ्हाऊनच गेलं.” मग त्यांनी ढोलकीवाल्याला खूण केली, घोंगडी सोडायला लावली आणि विचारलं, गानं कोन्तं?

दादांनी भिंतीपाशीच हात हवेत वर केला आणि काल्पनिक हातोडा खाली आणला. रेणापूरकरांना तेवढं पुरलं.

माइक नव्हता, बेंजोवाला वाटेतच कुठेतरी अडकला होता. रेणापूरकरांचा आवाज फाटला होता आणि वरच्या सुराला ते सरळ थांबून श्वास घेत होते. पण खडी फोडणारी ती बाई त्या अर्ध्या अंधारात येऊन बसली, घाव घालायला लागली, आणि पंचवीस ओल्या माणसांनी न सांगता कोरस धरला. पंचशीलाही गात होती. आपल्याला सगळे शब्द येतात हे तिला माहीतच नव्हतं. शेवटच्या कडव्यात फर्माईश करणाऱ्याचं नाव गुंफायची रीत आहे. नाव आलं की गायक त्या माणसाकडे हात पसरतो, ढोलकी थांबते, आणि तो माणूस मांडवातून होकार देईपर्यंत कडवं पुढे जात नाही. रेणापूरकरांनी ओळ वाकवून सटवाजी हे नाव बसवलं, हात दाराच्या दिशेने पसरला आणि थांबले. ढोलकी थांबली. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. दादा भिंतीला धरून उठायला लागले, एक पाय, मग दुसरा, आणि त्यांना आधार द्यायला जवळचा माणूस उठला तर त्यांनी त्याला हाताने खाली बसवलं.

“हाय,” दादा म्हणाले. “हितंच हाय मी.”

ढोलकीवर थाप पडली आणि कडवं पुढे गेलं.